गुणवंत फलकाची आठवी ओळ

वर्गांची दोनशे बारा बाके, ग्रंथालयाची अकरा कपाटे, व्यासपीठे दोन (पैकी एक मोडले, दोष लाकडाचा नव्हता, त्यावर उड्या मारणाऱ्या कवायतीच्या सरांचा होता), वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीची मतपेटी, प्रयोगशाळेतल्या सांगाड्याच्या डाव्या नडगीचे हाड, आणि मुख्य जिन्यासमोरचा गुणवंत फलक: एवढे काम मी, खाली सही करणारा, सरकारी हायस्कूलचा सुतार व रंगारी, वय वर्षे छप्पन्न, याने स्वतःच्या हाताने केलेले आहे. नडगीचे हाड लाकडी आहे हे सतरा वर्षे कोणाला कळले नाही. शास्त्राच्या परीक्षेत मुलांनी त्याच्यावरूनच आकृत्या काढल्या आणि पैकीच्या पैकी गुण घेतले.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सगळे याच शाळेच्या खिडक्या दुरुस्त करताना बाहेर उभा राहून ऐकले. कर्णाचा वर्ग समजेपर्यंत नववीची एक खिडकी मी तीन दिवस पुरवली होती.

माझे डोके ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. पत्नीला ते मान्य नाही, पण कायद्याला डॉक्टरांचे पुरते. येत्या मंगळवारी, सतरा तारखेला, माझ्या मानेतली गाठ काढणार आहेत. गाठ साधी आहे असे डॉक्टर तीनदा म्हणाले. साधी असती तर एकदाच म्हणाले असते. म्हणून कोणाच्या दडपणाने नव्हे, तर स्वतःच्या काळजीने हे मृत्युपत्र करीत आहे. सर्वांची पूर्ण नावे व पत्ते सोबतच्या यादीत आहेत. इथे ज्याला मी जसा ओळखतो तसा लिहिला आहे.

१. राहते घर, दोन खोल्या व मागची पडवी, पत्नीचे. बचत खात्यातली शिल्लकही तिचीच. स्वयंपाकघराचे दार पावसाळ्यात घासते, हे ती बावीस वर्षे सांगते आहे. मी केले नाही. माफी असावी.

२. थोरल्या भावास माझी पाणसळ द्यावी. वाटणीच्या दिवशी तो चारचौघांत म्हणाला, "तुला काय कमी, शाळेतली मोडकी बाकं आहेत की बसायला." सरळ रेषा कशाला म्हणतात हे त्याला पाणसळीतला बुडबुडा दाखवील.

३. रंधे, पटाश्या, करवती व सर्व ब्रश मुलीस. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. परंतु हे सर्व कलम पाच पुरे केल्यावरच तिचे होईल.

४. गुणवंत फलक. हा शाळेचा आहे असा सर्वांचा समज आहे. तो चुकीचा आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी खर्चाला मंजुरी आली नाही, तेव्हा मी माझ्या साठ्यातले लाकूड घातले आणि साहित्याच्या नोंदवहीत हेडमास्तरांनी लिहिले, "तात्पुरता वापर, मालकी सुताराची." पान एकशे चौदा. काळ्या तेलरंगावर सोनेरी अक्षर, वर्षाला एक ओळ, शाळेत पहिल्या आलेल्याचे नाव. नवी मुले शाळेत आली की पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर माना वर करून उभी राहतात. मोठा भाऊ, बहीण, एखाद्याची आईसुद्धा सापडते त्यावर.

आठवी ओळ खोटी आहे, आणि ती माझ्या हातची आहे.

पद्धत अशी होती की निकाल लागला की नाव आधी खडूने लिहायचे आणि फेरतपासणीची पत्रे येऊन गेल्यावरच रंगवायचे. त्या वर्षी मी थांबलो नाही. अक्षरांची नवी वळणे बसवली होती, समारंभाला पाहुणे येणार होते, मला ती दाखवायची होती. शाळा समितीच्या अध्यक्षांच्या पुतण्याचे नाव सोन्याने लिहून मोकळा झालो. अकरा दिवसांनी पत्र आले: शिपायाच्या मुलीचे गणितात सहा गुण वाढले, ती दोन गुणांनी पहिली. हेडमास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी वर्षानुवर्षे त्यांना शिव्या घातल्या. आता खरे लिहितो. पटाशी माझ्याकडे होती, किल्ली माझ्याकडे होती. त्या ओळीइतकी सुबक ओळ माझ्या हातून पुन्हा उतरली नाही आणि ती मला खरवडवेना. बस्स, एवढेच कारण.

त्या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. ती मुलगी आज याच शाळेत गणित शिकवते. मी तिला बाई म्हणतो, ती मला काका. गेल्या महिन्यात विषय काढला तर म्हणाली,

"जाऊ द्या हो काका, कोण वाचतंय तो फळा?"

"तुम्ही वाचता."

तिने वह्यांचा गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. "हो," म्हणाली. "जिना चढताना. रोज."

आता नव्या इमारतीत दगडी फलक बसणार आहे आणि शुक्रवारी, वीस तारखेला, दगड कोरणारा जुन्या फलकावरून नावे उतरवून नेणार. लाकडावरचे खरवडता येते. दगडावरचे राहील. परीक्षा केंद्र असल्याने मंगळवारपर्यंत जिन्याकडे कोणाला सोडत नाहीत. आणि बुधवारी मी कुठे असेन ते देव जाणे. तसाही माझा उजवा हात गाठीमुळे थरथरतो. काल रंगाच्या डब्याचे झाकण उघडताना अर्धा रंग फरशीवर गेला.

तरी हा फलक मी गणिताच्या बाईंना देत आहे. त्यांच्या लेखी संमतीशिवाय त्यावरचे एक अक्षर कोणी उतरवू नये.

५. माझ्या मुलीने, मी जिवंत असो वा नसो, बुधवारी शाळा उघडताच आठवी ओळ काढावी. पटाशीने नव्हे, काचेच्या तुकड्याने, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. मग घासकागद, मग काळ्याचा एकच पातळ हात. दुसरा देण्याच्या मोहात पडू नये, वाळणार नाही. गुरुवारी दुपारनंतर बोट लावून पाहावे. चिकटत नसेल तर नाव लिहावे. चिकटत असेल तर काय, याचा विचार मी चार दिवस करतो आहे. पंखा लावावा.

ती म्हणाली, "बाबा, माझं अक्षर तुमच्यासारखं नाही येणार. वेगळं दिसेल."

"दिसू दे. पोरं विचारतील, हीच ओळ वेगळी का म्हणून."

"आणि मग?"

"मग बाई सांगतील. नाहीतर तू सांग."

६. फेरतपासणीच्या पत्राची मूळ प्रत ग्रंथालयाच्या सातव्या कपाटाच्या मागच्या फळीआड आहे, जागा निवृत्त ग्रंथपालबाईंना ठाऊक आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी. माझ्यापेक्षा कडक तेवढ्या एकच आहेत.

हे मी स्वतः लिहिले. वाकडी अक्षरे हाताची आहेत, मनाची नव्हेत.

ठिकाण: शाळेची सुतारखोली. शनिवार, चौदा मार्च.

सही: सुतार.
साक्षीदार पहिली: निवृत्त ग्रंथपाल. समक्ष वाचून सही केली.
साक्षीदार दुसरा: फाटकासमोरचा सायकलवाला. समक्ष ऐकून सही केली, चष्मा घरी राहिला.

पुरवणी. सह्या झाल्यावर ग्रंथपालबाई म्हणाल्या, "गेल्या बुधवारचं का नाही लिहिलंत? उद्या तेच म्हणतील, सुतारानं पैसे मागितले." बरोबर आहे. म्हणून लिहितो, आणि दोघा साक्षीदारांनी याखालीही सही केली आहे.

आठव्या ओळीतला तो पुतण्या आज नव्या इमारतीच्या समितीचा प्रमुख आहे. गेल्या बुधवारी संध्याकाळी तो माझ्या घरी आला. "सुतारकाका, जुनं कशाला उकरता? तब्येतीकडे बघा," म्हणाला. फलक आहे तसा शाळेला दान द्यायचा, पत्र त्याच्या हवाली करायचे. बदल्यात ऑपरेशनचा सगळा खर्च आणि वर रोख. मी नाही म्हटले. पत्नी आत ऐकत होती. ती बाहेर येऊन त्याच्यासाठी दार उघडून उभी राहिली. त्याने देऊ केलेली एकूण रक्कम सहा लाख चाळीस हजार, अक्षरी सहा लाख चाळीस हजार फक्त.