फोन उचलला नाही म्हणून

१२ जानेवारी

तीन तास उभी होते! तीन तास! आणि माझी पाळी आली तेव्हा काचेच्या पलीकडून ती मुलगी नुसते ओठ हलवतेय. मी काय ऐकणार, कपाळ? दोनदा विचारलं, तिने दोनदा ओठ हलवले. शेवटी वैतागून कागदावर लिहिलं — ‘स्टॉक संपला.’ मग हेच आधी लिहायला काय झालं होतं?

सगळ्या जगाला एकाच वेळी हा बोलका चष्मा हवा झालाय. समोरचा बोलला की त्याचे शब्द काचेच्या आतल्या बाजूला उमटतात, अक्षरात. बस्स, एवढंच. पण माझ्या पुढच्या दोन पोरांना तो परक्या भाषेतले सिनेमे बघायला हवा होता. त्यांच्या पुढच्या बाईला — मैत्रिणींमध्ये फॅशन म्हणून! मला तो ऐकायला हवाय. उजवा कान गेलाच आहे, डावा चाललाय. कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तुम्हाला मशीनने आवाज मोठा होईल पण शब्द काही कळायचे नाहीत.

वेटिंग लिस्टमध्ये नाव घातलं. नंबर दोनशे चौदा. ‘फोन येईल’ असं पावतीवर छापलंय.

१३ जानेवारी

ह्यांना सांगितलं, नंबर लावलाय म्हणून. पेपरमधून मान वर नाही. ‘हं.’ झालं! माझं बोलणं म्हणजे ह्यांना पंख्याची घरघर. चालू असली काय, नसली काय.

आधी असे नव्हते. पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यातून दमून यायचे तेव्हासुद्धा चहा पिता पिता दिवसभराचं सगळं विचारायचे. रिटायर झाले आणि तोंडाला कुलूप.

२० जानेवारी

आज आमच्या दाताच्या दवाखान्यात एक कॉलेजची मुलगी तोच चष्मा घालून बसली होती. दात साफ करून घ्यायला आलेली. आतल्या खोलीत डॉक्टरबाई दुसऱ्या पेशंटशी बोलत होत्या, ही बाहेर बसून ते वाचतेय आणि आईला कोपर मारून हसतेय! दुसऱ्याच्या किडक्या दाढा वाचून हसतेय!

विचारलं, कुठे मिळाला गं? ‘काकांची ओळख आहे दुकानात.’

अंगाचा नुसता तिळपापड झाला. एकोणीस वर्षं ह्या टेबलाशी बसतेय मी. फोन घ्यायचा, नाव लिहायचं, वेळ द्यायची. गेलं वर्षभर प्रत्येक नाव दोनदा विचारून घेते, आकडे परत म्हणून दाखवते. पेशंट म्हणतात, किती काटेकोर आहेत ताई! काटेकोर कसली, बहिरी आहे. पण हे दवाखान्यात कोणाला कळता कामा नये. बहिरी बाई फोनवर कोण ठेवेल?

२७ जानेवारी

लिहून टाकते.

परवा एका माणसाने फोनवर वेळ घेतली होती. काहीतरी औषधाबद्दल बोलला. मला वाटलं, विचारतोय, मी म्हटलं, हो हो, डॉक्टर बघतील. तो सांगत होता की ते औषध त्याला चालत नाही, मागे घसा सुजून श्वास अडकला होता. मी काहीच लिहिलं नाही. आज बाई तेच औषध लिहून देणार होत्या. सहज म्हणून विचारलं, म्हणून वाचला. तो म्हणाला, ‘मी फोनवर सांगितलं होतं की!’

बाईंनी माझ्याकडे बघितलं. पेशंट गेल्यावर — ‘ताई, तुम्हाला बरं नाहीये का?’

मी म्हटलं, लाइन खराब होती.

खोटं बोलले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याशी खोटं बोलले.

१ फेब्रुवारी

दुकानात गेले होते. स्टॉक नाही. पण आज एक काका भेटले, त्यांच्यामुळे सगळं लक्षात आलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली!

काका पूर्ण बहिरे. छापखान्यात मशीनवर आयुष्य गेलं, तिथेच कान ठेवून आले. खिशात एक छोटी वही असते, बोलता येतं, पण मलाही ऐकू येत नाही म्हणून तिच्यात लिहून बोलले. अक्षर इतकं देखणं! मला पावती दाखवली — नंबर दोनशे तेरा. म्हटलं, म्हणजे तुम्ही माझ्या अगदी पुढेच की. तर ओठ वाचून मान हलवली आणि लिहिलं — ‘आधी एकतीस होता.’

एकतीस!

दुकानाचा नियम असा: चष्मा आला की फोन करायचा. माणूस बोलला नाही की नाव खाली, लिस्टच्या शेवटी. काकांना दोनदा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी उचलला, म्हणाले, मला ऐकू येत नाही, मेसेज करा. पलीकडची ऐकून घेईल तर ना! रजिस्टरात लिहिलं — ‘प्रतिसाद नाही.’ दोन्ही वेळा त्यांचा चष्मा ज्याला ऐकू येतं त्याला गेला.

बहिऱ्या माणसांना फोन करतात! आणि त्याने उचलून सांगितलं तरी त्यालाच मागे ढकलतात!

काकांना चष्मा कशाला हवाय, तर नातीसाठी. तीन वर्षांची. नुकती घडाघडा बोलायला लागलीय. त्यांनी लिहिलं — ‘ती सांगते, मी मान हलवतो. परवा काहीतरी विचारलं, मी मान हलवली, तर रडायला लागली. काय विचारलं होतं कोण जाणे.’

वही परत देताना मला त्यांच्याकडे बघवेना.

५ फेब्रुवारी

दुकानाला पत्र लिहिलं. चांगलं दोन पानी, सगळं मुद्देसूद. आज उत्तर आलं. एकच ओळ —

‘आपल्या तक्रारीच्या निवारणासाठी कृपया आमच्या क्रमांकावर फोन करावा.’

९ फेब्रुवारी

आज राहवलं नाही. हे मिक्सर खोलून बसले होते, मी पाठीमागे उभी राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं. काका, नात, एकतीसचा दोनशे तेरा, ते निर्लज्ज पत्र. पार घसा दुखेपर्यंत. औषधाची चूकसुद्धा सांगितली, जी मी जगात कोणाला सांगितली नव्हती. सांगताना रडले.

हे स्क्रू पिळत राहिले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही! मग उठले, हात धुतले आणि म्हणाले, ‘जेवायचं काय आहे?’

पंचवीस वर्षांचा संसार. दगडाशी बोलले असते तर दगडाला पाझर फुटला असता. आजपासून मीही बोलणार नाही. कामापुरतं. बघू या किती दिवस चालतं.

१० फेब्रुवारी

बोलत नाहीये. ह्यांच्या ध्यानातही आलेलं नाही!

१५ फेब्रुवारी

आज जे झालं ते असं झालं.

सकाळीच कळलं, माल आलाय. दवाखान्यात अर्धा दिवस सुट्टी टाकली आणि धावले. दुकानाबाहेर ही झुंबड! शटरच्या दोन्ही बाजूंना माणसं, आत काचेपाशी माणसं. कोणी नोटा नाचवतोय, कोणी मॅनेजरच्या गळ्यात पडतोय. काका काउंटरपाशी अगदी पुढे, हातात पावती घेऊन, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून.

ती मुलगी काचेच्या मागे बसून लिस्टवर बोट फिरवत एकेकाला फोन लावत होती. एवढी माणसं समोर असताना! मी गर्दीतून घुसत पुढे आले आणि बघते तर काकांचा खिसा थरथरला. त्यांनी फोन काढला, कानाला लावला. काय म्हणाले ते ओठांवरून कळलं — ‘हॅलो? मला ऐकू येत नाही. मी इथेच आहे दुकानात.’ काचेच्या मागे ती मुलगी, तीही ‘हॅलो, हॅलो’ म्हणतेय. दोघांमध्ये हातभर अंतर! तिने मान वर केली नाही. एवढ्या कलकलाटात तिला तरी काय कळणार! फोन ठेवला, पेन उचललं, दोनशे तेरावर रेघ मारायला टेकवलं.

मी काचेवर हाताचा पंजा आपटला. ‘अगं ए! हा बघ, हा इथे उभा आहे! तू ज्याला फोन करतेयस तो तुझ्या नाकासमोर उभा आहे!’

मॅनेजर धावत आला. ओठ हलायला लागले, हातवारे, कॉम्प्युटरकडे बोट. मला एक अक्षर कळेना. एरवी मी काय करते? मान हलवते, हसते, कोणाला कळू देत नाही. आज मात्र तोंडातून निघून गेलं, आणि चांगलं ठणठणीत निघालं —

‘मला ऐकू येत नाही! मी बहिरी आहे! हेही बहिरे आहेत! हा चष्मा आमच्यासाठी आहे आणि तुम्ही आम्हालाच फोन करून बाहेर काढता? काय बोलायचं ते लिहून द्या!’

सगळ्यांची तोंडं हलायची थांबली. मला शांतता ऐकू येत नाही, पण दिसली.

मॅनेजरने काही लिहिलं नाही. तेवढ्यात ती मुलगी उठली. चेहरा पांढराफटक. मॅनेजरला काहीतरी म्हणाली, दोनच वाक्यं असतील. काय म्हणाली ते मला माहीत नाही आणि कधी कळणारही नाही. पण तो बाजूला सरकला. मुलगी काचेमागून बाहेर आली, काकांच्या वहीत तिने लिहिलं, ‘चुकलं माझं’, आणि डबा त्यांच्या हातात दिला.

तो शेवटचा डबा होता.

दोनशे चौदाला वाटाण्याच्या अक्षता! काकांनी डबा माझ्यापुढे धरला. लिहिलं — ‘तुमची नोकरी आहे, ताई. मी थांबतो.’ मला असा राग आला! म्हटलं, काका, दोनदा थांबलात ना? आता घरी जा आणि तिने काय विचारलं होतं ते विचारा. त्यांना सगळं कळलं नसेल, पण ‘घरी’ कळलं असावं. डबा छातीशी धरून गर्दीतून गेले.

१६ फेब्रुवारी

आता लपवण्यात अर्थ नव्हता. दुकानात आमचे दोन पेशंट होते, त्यांनी बघितलंच. मी स्वतःच बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं. लाइन खराब नव्हती, कान खराब आहेत.

बाई रागावल्या. माझ्यासमोर बसून सावकाश बोलल्या, म्हणजे मला ओठ वाचता यावेत म्हणून, पण रागावल्या. ‘बहिरेपणाचं काही नाही हो. पण त्या माणसाला काही झालं असतं तर?’ इतके दिवस दुकानावर ओरडत होते, पण त्या दिवशी फोन घेतला होता तो मीच.

फोन काढून घेतला. चष्मा येईपर्यंत मागच्या खोलीत फायली लावायच्या. नोकरी आहे. टेबल नाही.

२४ फेब्रुवारी

दुकानाच्या काचेवर कागद लागलाय — ‘ज्यांना ऐकू येत नाही त्यांना मेसेज करण्यात येईल.’ इतकी बारीक अक्षरं की वाचायला दुसरा चष्मा लागावा! आणि वर ऐटीत ‘ग्राहकसेवेसाठी नवा उपक्रम’. उपक्रम म्हणे! लाज नाही लोकांना.

२६ फेब्रुवारी

काकांचा मेसेज — ‘नातीचं पहिलं वाक्य वाचलं: आजोबा, तुमच्या नाकात केस आहेत.’

फायलींच्या खोलीत एकटीच इतकी हसले की बाई बघायला आल्या.

६ मार्च

आला! मेसेज आला, दुपारी जाऊन आणला. त्या मुलीने स्वतः माझ्या डोळ्यांवर बसवला, मग म्हणाली — आणि ते समोर उमटलं — ‘दिसतंय का, ताई?’

रस्त्यात नुसता शब्दांचा पूर. रिक्षावाल्याच्या शिव्यासुद्धा शुद्धलेखनासकट! बाईंना दाखवला. फोन स्पीकरवर घेऊन बघितलं, नाव, वेळ, औषधं, सगळं उमटतं. सोमवारपासून टेबल परत.

घरी मुद्दाम काही सांगितलं नाही. उद्या रविवार. ह्यांच्यासमोर चष्मा घालून बसणार आणि हा माणूस दिवसभर माझ्याबद्दल काय काय पुटपुटतो ते वाचून काढणार. महिनाभराचा हिशोब चुकता करायचाय.

७ मार्च

सकाळपासून ह्यांच्यासमोर बसले. काही उमटलं नाही. मीच चिडून म्हटलं, अहो, एवढं काय केलंय मी तुमचं? हे माझ्याकडे बघत राहिले. मग उठून माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, ‘परत म्हण.’ मी परत म्हटलं. त्यांनी ते वाचलं, ओठ हलवत, एकेक अक्षर. मग माझ्या डाव्या कानाला तोंड लावून म्हणाले, ‘मलाही दोन वर्षं झाली गं. सांगायची लाज वाटत होती.’