राखेतली लालखोडी

३ नोव्हेंबर
बाबांनी परसात जाळ केला! मी शिवणयंत्रावर होते, धुराच्या वासाने धावले. मातीने भरलेला पसरट ट्रे, वर वाळक्या पानांचा ढीग धडधडतोय – आणि सासरे शेजारी उकिडवे बसलेले, अगदी शांत! मी बादली उचलली तर मनगट धरलं. "थांब. अजून कवच तडकायचंय."
चार महिने झाले, माझं नाव आठवत नाही त्यांना. पण पकड केवढी!

४ नोव्हेंबर
भावोजी आले. "वहिनी, आज ट्रे पेटवला, उद्या घर पेटवतील." वृद्धाश्रमात खोली आहे म्हणे, मार्चमध्ये रिकामी होईल. हे मान खाली घालून बसले. शेवटी मीच हो म्हटलं. दमलेय मी.

५ नोव्हेंबर
काड्यापेट्या कुलपात.

१९ नोव्हेंबर
ट्रे फेकायला गेले तर बाबा आडवे आले. "राखेखाली ती आहे."
"ती कोण?"
डोंगराकडे बोट केलं. लालखोडी! खडकावरचं ते लाल, गुळगुळीत खोडाचं झुडूप. उन्हाळ्यात सगळा डोंगर करपतो, ही आपली हिरवीगार, ताठ. वणव्यात जळली तरी पुन्हा येते.
बिया कुठून आणल्या देव जाणे. मी म्हटलं, पाणी घालते. "जरासंच. लाडाने मरते ती."
तीस वर्षं रोपवाटिकेत काढली बाबांनी. घरी कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आम्ही तरी कुठे विचारलं?

८ जानेवारी
काही नाही. नुसती राख.

११ फेब्रुवारी
आली!! काळ्या राखेतून दोन इवली पानं, डोक्यावर बियांच्या फुटक्या टोप्या तशाच! सतरा रोपं मोजली. पुन्हा मोजली, तरी सतराच. मी तिथेच मातीत बसले. दगडासारखं बी – त्याला जाळ लागला तेव्हा जाग आली! अंगावर काटा आला.

१४ फेब्रुवारी
रोपवाटिकेच्या मॅडमना बोलावलं. इस्त्रीच्या कपड्यांत बाई सरळ जमिनीवर गुडघे टेकून बसल्या. "तीन वर्षं आम्ही बिया भिजवल्या, घासल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या. एक उगवेल तर शपथ! आजोबा, किती वेळ जाळलं?"
"पानं संपेस्तोवर. फांद्या नाही घालायच्या, फांदीने बी भाजतं. आधी माती ओली. मग थंडीभर हात लावायचा नाही."
एका दमात! मॅडम एका बिलाच्या मागच्या बाजूला लिहून घेत होत्या. मी बघतच राहिले. आणि लगेच बाबा माझ्याकडे बोट करून त्यांना विचारतात, "या बाई कोण?"
हसू आलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२ मार्च
खोली रिकामी झाली. शनिवारी न्यायचं. त्यांचे चार सदरे घडी केले, पुन्हा उलगडले, पुन्हा घडी केले. यांनी माळ्यावरून बॅग काढली.

५ मार्च, शनिवार
निघायच्या आधी बाबा परसात गेले. ट्रेसमोर वाकून कितीतरी वेळ बघत राहिले – पहिल्यांदाच बघावं तसे. "कुणी केलं गं हे?"
"तुम्हीच, बाबा."
"थट्टा करतेस म्हाताऱ्याची! ज्याने केलंय त्याच्या हातात जादू आहे. त्याला जाऊ देऊ नका."
हे दारात बॅग घेऊन उभे होते. बॅग खाली ठेवली आणि वृद्धाश्रमाला फोन लावला – "खोली दुसऱ्या कुणाला द्या."