लेनीची टेकडी

आर्डवोर, ४ मार्च १९७१

चि. मर्डोस,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, फक्त तुझ्यापायी डोकं उठलंय.

पोस्टातून निवृत्त झालास तेव्हा वाटलं, इन्व्हरनेसला गुलाब लावत बसशील. तू बसलास गावांची आणि घराण्यांची नावं उकरत! शेजारच्या फ्रेझरांना कळवलंस, की त्यांचे पूर्वज फ्रेझर नव्हतेच, जमीनदाराचं आडनाव लावून मोकळे झाले होते. तेव्हापासून त्यांच्याकडची अंडी मला बंद.

आता गावच्या पत्रकात छापलंस, की लेनीची टेकडी कुणा लेनीची नाहीच. अरे, हॉटेलात त्या गुरंचोर लेनीची तसबीर टांगलीय! शिवाय हॉटेलवाला हेक्टर मॅकास्किल ती टेकडी सपाट करून पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा करतोय. चर्चच्या दारात मला अडवून म्हणाला, भावाला सांगा, माझ्या जमिनीला नावं ठेवू नको म्हणावं.

पुढचं काही छापण्याआधी मला विचार. एवढं ऐकलंस तर माया आहे तशी राहील.

तुझी ताई,
इशबेल

*

इन्व्हरनेस, ९ मार्च

ती. ताईस,

सा. न. अंड्यांचं वाईट वाटलं. पण फ्रेझरांबद्दल लिहिलं ते खरंच आहे.

लेनी नावाचा माणूस एकाही जुन्या कागदात नाही. मूळ गेलिक नाव ‘क्नोक नन लेनव’, म्हणजे बाळांची टेकडी. बाप्तिस्म्याआधी गेलेलं बाळ चर्चच्या आवारात पुरू देत नसत. आईबाप त्याला अशा एखाद्या उंचवट्यावर ठेवून येत. नाव इंग्रजांच्या तोंडी बसलं आणि बाळांचा लेनी झाला.

यंत्र लावण्याआधी हेक्टरच्या कानावर एवढं घाल. नाहीतर मीच येऊन सांगतो.

रागावलीस तरी पत्र थांबवू नकोस.

तुझा,
मर्डो

*

आर्डवोर, १५ मार्च

चि. मर्डोस,

आशीर्वाद. अजिबात येऊ नकोस. आधी वाच.

काल चर्चनंतर हेक्टरकडे चहाला गेले. मनात होतं, तुझी थट्टा करून वातावरण निवळावं. म्हटलं, आमच्या शहाण्याने आता लेनीचं पाळण्यातलं बाळ केलंय! सगळे हसले. हेक्टर तर स्कोन तोंडात घेऊन ठसकला.

त्याची आई मात्र हसली नाही. बेहाग म्हातारी चुलीजवळ बसली होती. टेकडीवर मेंढ्यांना आडोसा मिळतो, ती तोडू नको, असं ती हिवाळाभर त्याच्या मागे लागली होती. त्याला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय. तिने बशी खाली ठेवली आणि गेलिकमध्ये म्हणाली, मर्डो बरोबर बोलतोय. माझी मुलगी आहे तिथे. तुझ्या आधीची.

मग तिनेच सगळं सांगितलं, रे. पाद्र्याने चर्चच्या आवारात पुरायला नकार दिला, मग तिच्या नवऱ्याने एका पेटीत घालून तिला वर नेलं, आणि पुन्हा कधी तिचा विषय काढू दिला नाही. हेक्टरने विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती म्हणाली, कधी विचारलंस का, मी रोज तिकडे कशाला बघते ते.

तो उठून बाहेर गेला. यंत्रवाल्याला आज सकाळी परत पाठवलंय.

तुझंच खरं निघालं याचाच मला जास्त संताप येतोय. लोभ आहेच, पण आत्ता मागू नकोस.

इशबेल

*

इन्व्हरनेस, १९ मार्च

ती. ताईस,

सा. न. पत्र वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. इतकी वर्षं मी शब्दांच्या मागे धावलो. त्यांच्याखाली माणसं असतील, हे माहीत होतं आणि नव्हतंही.

एकच विचारतो. त्या मुलीचं नाव काय होतं? टेकडीच्या टिपणात तिची नोंद असायला हवी.

तुझा,
मर्डो

*

आर्डवोर, २३ मार्च

चि. मर्डोस,

आशीर्वाद. तू म्हणजे खरंच हद्द आहेस!

बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून कुणी तिला नाव दिलं नव्हतं. पण बेहागने एक नाव मनात ठेवलं होतं. परवा हेक्टर तिला हाताला धरून वर घेऊन गेला. मीही मागे होते. तिथे वाऱ्यात उभी राहून तिने ते मोठ्याने घेतलं, आणि हेक्टरने तिच्यामागून घेतलं. मग माझ्याकडे वळून तिने बजावलं, हे नाव तुझ्या भावाला कळवायचं नाही.

मी शब्द दिलाय. टिपणात तेवढी जागा कोरी सोड.

ईस्टरला ये. फ्रेझरांच्या दारावरून मात्र मान खाली घालून ये.

तुझीच,
ताई