जमा केलेली बंदूक

बाबा, आज मी एका मित्राच्या विरोधात कोर्टात साक्ष देऊन आले. तुम्ही असता तर आधी चहा ठेवायला सांगितला असता आणि मग एकेक प्रश्न विचारून मला हैराण केलं असतं. हवालदाराच्या घरात वाढल्यावर उलटतपासणीची सवय होतेच. आजचा बॅरिस्टर तुमच्यापुढे अगदीच कच्चा होता.

निवडणूक जाहीर झाली की तालुक्यातले परवानेवाले आपापल्या बंदुका ठाण्यात जमा करायचे आणि निकाल लागला की परत न्यायचे. जे आणत नसत त्यांच्या घरी तुम्ही जायचात. उभ्याउभ्या कधी मागायची नाही, अशी तुमची पद्धत. बसायचं, देतील ते प्यायचं, मुलाबाळांची चौकशी करायची, मग हात पुढे करायचा. शेकडो एकर जमीन असलेल्या त्या मालगुजाराकडे तुमच्यासाठी चहाचा कप वेगळा असायचा. त्या कपाचा मला अजून राग येतो. तुम्ही मात्र तो चहा पिऊन बंदूक घेऊन यायचात. एकदा तुम्ही जेवत असताना मी विचारलं, त्याला बेड्या का नाही घातल्या? ताटावरून हात उचलून तुम्ही माझ्यावर केवढे रागावलात! "त्यानं काय केलं? काहीच नाही. म्हणून तं आत्ता घ्याची. काही झाल्यावर घेतली का मंग तो मुद्देमाल होते."

मित्र आपल्या नागपूरचाच. इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्समध्ये, माझ्या घरापासून दोन राउंडअबाउट सोडून राहतो. सॉफ्टवेअरमधला, नाकासमोर चालणारा माणूस. ऑफिसातल्या लोकांबरोबर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला जाऊ लागला आणि त्याला त्याचं वेडच लागलं. रीतसर परवाना काढून बंदूक घेतली. हा शांत, भरवशाचा माणूस आहे असं ओळखीच्या कुणीतरी लिहून द्यावं लागतं, ते मी दिलं. मग त्याची नोकरी गेली, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला. एका रविवारी दुपारी त्याच्या बायकोचा कुजबुजत फोन आला, "ताई, हा सकाळपासून गॅरेजमध्ये बसलाय. गन मांडीवर आहे. म्हणतो, माझ्याशिवाय तुमचं बरं चालेल." मी म्हटलं, आधी पोलिसांना फोन कर. "नको ना, प्लीज! रेकॉर्डवर आलं तर व्हिसाचं काय होईल? तुम्ही या ना." आणि मी, पोलिसाची मुलगी, कुणालाही न कळवता गाडी काढली.

तो घडीच्या खुर्चीवर बसलाय, दाढी वाढलेली. मी उभी राहत नाही, समोरच्या रंगाच्या डब्यावर बसते.

"तू कशाला आलीस?"

"जमा करून घ्यायला."

तो हसतो. "का, इलेक्शन आहे का?"

"तसंच समज. निकाल लागला की ने परत."

आतल्या दाराआड त्याची बायको रडू दाबते आहे, ते मला ऐकू येतं. त्याच्या बोटाकडे बघायचं नाही असं ठरवते आणि तिथेच बघत राहते. शेवटी तो बंदूक मधून उघडतो. आत दोन काडतुसं आहेत. मला वाटलं होतं रिकामी असेल, बाबा. ती काढून तो माझ्या हातावर ठेवतो, आणि बंदूक चादरीत गुंडाळून मी डिकीत टाकते.

परवाना नसताना दुसऱ्याची बंदूक गाडीत घालून फिरणं हाच इथे गुन्हा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पोलीस स्टेशनच्या कार पार्कमधून फोन लावला, तर पलीकडून हुकूम आला, गाडीपासून लांब व्हा, हात दिसतील असे ठेवा. तुमच्या पद्धतीनं वागायला गेले आणि चोरासारखी हात वर करून उभी राहिले. ताकीद देऊन मला सोडताना त्यांच्यातली एक पोलीस बाई म्हणाली, "तुमचं नशीब थोर. पुढच्या वेळी आधी आम्हाला फोन करा." तिचं बरोबर होतं.

पोलिसांनी त्याचा परवाना रद्द केला, त्यानं अपील केलं. काल तो घरी आला. नवी नोकरी लागली आहे, दाढी केलेली, अगदी पूर्वीसारखा. "एक बॅड डे होता यार. तू सांगितलंस तर ऐकतील ते. निकाल लागला की परत, असं तूच म्हणाली होतीस ना?" मी त्याला पोहे खायला घातले. आज त्याच्या बॅरिस्टरनं विचारलं, हा भरवशाचा माणूस आहे असं आज पुन्हा लिहून द्याल का? तो माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हटलं. अपील फेटाळलं. बाहेर त्याची बायको माझ्या अंगावर ओरडली, "ताई, तुमच्यावर विश्वास टाकला ही माझीच चूक!" तो तिचा हात धरून निघून गेला. तो चार शिव्या देता तर मला बरं वाटलं असतं.

हे तुम्हाला वाचायला मिळणार नाही, म्हणूनच सांगता येतंय. त्या रविवारपासून रोज सकाळी उठल्याबरोबर मी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं 'लास्ट सीन' बघते. ते दिसलं की मगच चहा ठेवते. आज कोर्टातून आल्यापासून मी फोनला हात लावलेला नाही. त्यानं मला ब्लॉक केलं असेल, तर उद्यापासून तो आहे की नाही हे मला कसं कळणार?