विंगेतला घोडा

खडकी, पुणे
७ सप्टेंबर २०२५

ती. नानांस,
मिसबाचा सलाम. वि. वि. आठवडाभर हे पत्र डोक्यात उड्या मारत होतं, आज रविवार मिळाला.

नाना, आमच्या शाळेत नववीसाठी दर शनिवारी संगीत आणि नाटकाचा वर्ग सुरू झालाय! गाणं श्यामलाबाई शिकवतात, नाटक आमोद सर. अब्बा म्हणाले की नववीत गणिताचा वर्ग लावतात, नाटकाचा नाही. त्यावर अम्मी म्हणाली की गणिताच्या वेळी ही जी नाटकं करते, ती तरी तिथे कामी येतील. तेवढ्यावर परवानगी मिळाली.

वीस डिसेंबरला स्नेहसंमेलनात आमचं नाटक आहे. गावात साथ येते आणि राणी वादळी पावसात एकटी घोड्यावरून वैद्याला आणायला निघते. त्यात मी पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत आहे. मी थांबले की घोडा थांबतो! सर म्हणाले की हे काम वर्गात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. मला अजून खरं वाटत नाही.

आता काम तुमच्याकडे. तुम्ही अडतीस वर्षं मिरजेत टांगा चालवलात. घोडा मातीवर कसा वाजतो, दगडी पुलावर कसा, आणि खूप थकला की पावलं कशी पडतात, ते सविस्तर कळवा. सरांनी मोबाइलवर एक घोडा ऐकवला, पण तो सिनेमातला आहे, सारखा उधळलेलाच असतो.

पत्र वाचून दाखवताना नानी मध्ये मध्ये स्वतःचं घालेल, तिकडे लक्ष देऊ नका. तुमचा लोभ आहेच, तो घोड्याच्या चालीने वाढत राहो.
तुमची,
मिसबा


मिरज
१६ सप्टेंबर २०२५

चि. मिसबास,
अय्युबनानांचे अनेक आशीर्वाद आणि दुआ. माझे डोळे असे, म्हणून नेहमीप्रमाणे मी सांगतोय आणि मदिनाबी लिहितेय. तुझं पत्र तिने तीनदा वाचून दाखवलं. (चारदा. घसा माझा बसला. – नानी)

ऐक. टांग्याचा घोडा उधळत नाही, दुडकी चालतो. पाय जोडीजोडीने पडतात, टप-टप, टप-टप. मातीवर आवाज खाली बसतो, दगडी पुलावर नाल खणखणते. आणि थकला की तीन पाय वाजतात, चौथा घासतो. आपली चांदणी स्टेशनवरून शेवटच्या फेरीला निघाली की मी डोळे मिटून सांगायचो, हिला आता पाणी हवं. समोर कुणी कितीही घाई करो, थकलेला घोडा घाई करत नाही, हे ध्यानात ठेव.

बसताना पाठ ताठ हवी. लगाम बोटांत सैल धरायचा, राणीने तो खेचायचा नसतो. हो, मला कळलंय तू राणी आहेस! सरळ सांगितलं नाहीस, पण मी काय खुळा आहे? स्टँडवरच्या सगळ्या रिक्षावाल्यांना सांगून झालं. महिपती म्हणाला की नात घोड्यावर बसणार आणि आजोबांना माणूस कुठला, खांब कुठला, एवढंही धड दिसत नाही. ते मला फार लागलं. म्हणून मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलंय. एका डोळ्याला चोवीस नोव्हेंबर तारीख मिळालीय.

(दोन वर्षं मी, तुझी अम्मी आणि दोन डॉक्टर सांगून थकलो. सुई दिसली की हा माणूस चपला तिथेच टाकून पळतो. तुझ्या राणीने एका पत्रात काम केलं. कुठे ठेवू तुला? – नानी)

तालमी जोरात होऊ देत, आणि आम्हाला विसरू नकोस.
तुझे,
नाना


खडकी, पुणे
२८ सप्टेंबर २०२५

ती. नानांस,
सलाम. वि. वि. तुमचं पत्र वाचून मी आधी नाचले आणि मग रडले.

नाना, मी राणी नाही. राणी माझ्या वर्गातली सुरुची आहे. मी घोड्याचा आवाज आहे. मी स्टेजच्या कडेला पडद्याआड, विंगेत बसते आणि फरशीच्या तुकड्यावर नारळाच्या दोन करवंट्या वाजवते. सुपात तांदूळ घोळवून पाऊस पाडते, पत्रा हलवून ढग गडगडवते. प्रेक्षकांना मी एकदाही दिसणार नाही. गाण्याच्या चाचणीत श्यामलाबाईंनी मला मध्येच थांबवून विचारलं की बाळ, हे तू मुद्दाम करते आहेस का. पण मी ताल धरला तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि सरांना म्हणाल्या की हिची लय पक्की आहे, हिला सोडू नका.

मला हे काम इतकं आवडतं, नाना! फक्त तुम्हाला ते लहान वाटेल म्हणून मी गोलगोल लिहिलं. चुकलंच माझं. आता तुम्ही माझ्यासाठी डोळ्याचं ऑपरेशन करायला निघालात. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण ते रद्द करू नका.

तुमची दुडकी मात्र अगदी जमली. सर म्हणाले की आता शाळेत चारा आणावा लागणार. राग उतरला की दोन ओळी लिहा, मी रोज पोस्टमनची वाट बघेन.
तुमची,
मिसबा


मिरज
६ ऑक्टोबर २०२५

चि. मिसबास,
नानीचे आशीर्वाद. हे पत्र माझं एकटीचं आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा नाना शेजारीच बसले होते. दुसऱ्याच ओळीला मला अंदाज आला आणि पुढचं सगळं मी मनाने रचून वाचलं. तालमी छान चालल्यात, अब्बा मजेत आहेत, तुला जरा खोकला झालाय. त्या खोकल्यापायी त्यांनी काढ्याची पुडी पाठवायला लावलीय. खोकला नसला तरी पिऊन टाक.

खरं वाचलं असतं तर ते म्हणाले असते की आवाज ऐकायला डोळा कशाला लागतो? आणि तारीख रद्द करून मोकळे झाले असते. तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलंय. पट्टी सुटली की त्यांच्या हातात देईन. पन्नास वर्षांत मी त्यांच्याशी खोटं बोलले नव्हते, म्हणजे इतकं लांबलचक नव्हतं. तोवर तू गप्प राहा आणि तुझा घोडा चालू दे.
माया आहेच, ती कागदावर मावत नाही.
तुझी,
नानी


खडकी, पुणे
३० नोव्हेंबर २०२५

ती. नानीस,
सलाम. वि. वि. ऑपरेशन छान झालं आणि पट्टी सुटताच नानांनी डॉक्टरांना त्यांच्या शर्टाचं तुटलेलं बटण दाखवलं, हे अम्मीने सांगितलं. मी घरभर उड्या मारल्या!

आता माझं ऐक. मी सरांना विचारलं होतं की नाना येणार आहेत, तर शेवटच्या प्रवेशात मला दोन मिनिटं तरी स्टेजवर घ्याल का. त्यांनी मला मशाल दिली. राणीच्या मागे ती धरून उभं राहायचं. मी केवढी खूश झाले! पण मग शेवटचा घोडा आमच्या वर्गातल्या राजसने वाजवायचा. काल तालमीत तो ऐकला. राणी वैद्याला घेऊन परत येतेय, घोडा मरायला टेकलाय, सुरुची हळू आवाजात गातेय आणि हा विंगेत मिरच्या कुटल्यासारखा ठक-ठक-ठक! मला राहवेना. मशाल तिथेच टाकून धावले आणि त्याच्या हातातल्या करवंट्या घेतल्या. चौथा पाय घासला तेव्हा सुरुचीच्या डोळ्यांत गाता गाता पाणी आलं, अगदी खरं.

मी मशाल परत केलीय. आता ती राजस धरेल. म्हणजे मी नानांना दिसणारच नाही. ते पत्र आता त्यांना दे. अम्मी म्हणते की डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलीय, नाना येणारच नाहीत. बरं झालं असं म्हणते आणि लगेच फार वाईट वाटतं. त्यांच्या डोळ्यात औषध वेळेवर घाल, आणि माझी बाजू जरा सांभाळून घे.
तुझी,
मिसबा


मिरज
२४ डिसेंबर २०२५

चि. मिसबास,
आशीर्वाद आणि खूप खूप दुआ. अक्षर माझं आहे. चार वर्षांनी पेन हातात घेतलंय, ओळी चढावर गेल्यात, चालवून घे.

प्रयोगानंतर तू गळ्यात पडून इतकी रडलीस की सगळं सांगायचं राहून गेलं. मग दुसऱ्या दिवशी आमची परतीची गाडी. म्हणून लिहितो. प्रवासाची मनाई ही तुझ्या अम्मीची थाप होती, मी येणार हे तुला आधी कळू नये म्हणून, तिच्याकडे तू बघून घे.

नव्या डोळ्याने मी पहिलं काय वाचलं असेल तर तुझं ते सप्टेंबरचं पत्र. त्याला पिठाचा वास होता. मदिनाबी दारात उभी होती, मी कधी रागावतो ते बघत. मी मनात म्हटलं की डोळा केला तो पोरीला बघायला. ती विंगेत, तर मी समोर खुर्चीत बसून काय करू? शेजारच्या जावेदने तुझ्या सरांना फोन लावून दिला. ते म्हणाले की विंगेत स्टूल ठेवतो, पण शिंकलात तर बाहेर काढीन. पहिल्या घंटेपासून मी तुझ्या मागे अंधारात चार हातांवर बसलो होतो, नाकाला रुमाल लावून. तू एकदाही मागे पाहिलं नाहीस, म्हणून मी काय पाहिलं ते सांगतो.

तुझ्या एका वेणीची रिबन सुटली होती. पाऊस पाडताना तू खालचा ओठ चावतेस, तुझी अम्मी पाटीवर लिहिताना चावायची तसाच. पत्रा हलवण्याआधी मोठा श्वास घेतेस. आणि शेवटी चांदणी थकली. तीन पाय वाजले, चौथा घासला. मिसबा, माझा हात आपोआप पुढे गेला, लगाम सैल सोडायला. पंधरा वर्षं झाली तिला जाऊन.

मग टाळ्या सुरू झाल्या. तू करवंट्या मांडीवर ठेवून ओढणीला हात पुसत होतीस आणि एकटीच हसत होतीस. ते हसू त्या अख्ख्या सभागृहात फक्त मला दिसलं.

स्टँडवर सगळे विचारतात की नाटक कसं झालं. मी सांगतो, मला काय ठाऊक, मी पाहिलंच नाही. महिपती म्हणतो, मग डोळा केला कशाला? दुसऱ्या डोळ्याचीही तारीख घेतलीय, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.
नवा घोडा लागला तर आधी मला कळव.
तुझे,
नाना

(पेन जरा वेळ मागून घेतलंय. मी समोर तिसऱ्या रांगेत बसले होते. शेवटी तुझा घोडा जवळ येऊ लागला तेव्हा राणीकडे कुणी बघत नव्हतं. सगळं सभागृह मान वळवून तुझ्या विंगेकडे बघत होतं, आता तो येईल म्हणून. – नानी)