चढा सूर

लोरेन, ओहायो
१६ ऑक्टोबर २०१९

प्रिय एमेट,

आमच्या स्वयंपाकघरातली एक शनिवारची दुपार तुला आठवते का बघ. टेबलावर आपल्या पहिल्या रेकॉर्डचे छापून आणलेले कागद, आईने मैदा शिजवून केलेली खळ, आणि आपण चौघं पाकिटं दुमडत बसलेलो. ड्रम कधी न चुकवणाऱ्या स्टॅशची प्रत्येक घडी मात्र वाकडी. गॅसवर कोबीची पानं उकडत होती आणि सगळ्या कागदांना तो वास लागला होता.

"एवढ्या पिशव्या कशाला?" आई म्हणाली. "कुणाचं लग्न ठरलंय?"

"आमची रेकॉर्ड आहे, आई. चार गाणी."

"एवढ्याशा तबकडीवर चार?"

"छोटी आहेत गं," रीजिस म्हणाला. "तुझा कांदा परतून होईस्तोवर चारही संपतात."

तू हसलास आणि खळीचा हात कपाळाला पुसलास. पांढरा पट्टा घेऊन दिवसभर फिरलास. रीजिसने, माझ्या भावाने, आम्हाला डोळ्यांनीच दटावलं, कुणी सांगायचं नाही म्हणून. रात्री जाताना तोच म्हणाला, "कपाळाला राख लावायचा बुधवार एमेटला यंदा लवकर आला." त्या दुपारी विशेष काही घडलं नाही. आजकाल मला तीच जास्त आठवते.

तू बरा असशील. ख्रिसमसच्या कार्डात गुडघ्याचं लिहिलं होतंस, त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. मी ठीक आहे. थोडी वाळले आहे, स्कर्ट आत घ्यावे लागले. सरोवरावरचा वारा आत्तापासूनच टोचायला लागलाय. कारखान्याच्या धुराड्यांतून आता काहीच येत नाही, त्यामुळे पडदे महिनोन्‌महिने पांढरे राहतात. आई असती तर म्हणाली असती, काळे होते तेच बरे होते, निदान माणसं कामाला तरी जात होती. आपलं चर्च बंद झालं. घंटा उतरवली तेव्हा बघायला गेले होते. दोरांना बांधून, गाईला ट्रकमध्ये चढवावं तशी नेली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

शिकागोची रेकॉर्ड कंपनीवाली इंग्रिड पास्को तुला पुन्हा पुन्हा लिहिते आहे, आणि तू तिला फक्त 'नको' एवढं कळवलंस. आपल्या 'फ्रायडे फिश' बँडने जे काही रेकॉर्ड केलं ते सगळं तिला एकत्र काढायचं आहे. सगळं म्हणजे तरी किती, कॉफी गार व्हायच्या आत ऐकून होतं. ती पहिली छोटी रेकॉर्ड, दुसऱ्यांच्या कॅसेटवर गेलेलं आपलं एक गाणं, आणि ती शेवटची. स्टॅशने सही दिली, माझी आणि रीजिसच्या वतीची मी दिली. अडलंय ते तुझ्यापाशी.

बाई चांगली आहे. घरी आली होती. माझ्या कार्डिगनकडे बघून म्हणाली, "राग मानू नका, पण तुम्ही पंक बँडमध्ये बेस वाजवायचात असं वाटत नाही."

"तेव्हाही वाटत नव्हतं," मी म्हटलं. "चर्चच्या शाळेतल्या सिस्टर अल्फॉन्सांनी पाठ ताठ ठेवायला शिकवलं होतं. समोर पोरं एकमेकांना ढकलत होती आणि मी प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी उभी."

शिवणाच्या कपाटातली शेवटच्या रेकॉर्डची मूळ टेप मी तिला दिली. काही आठवड्यांनी ती परत आली ती उजळलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, टेपवरची गाणी संथ आहेत आणि सूर खाली आहे. रेकॉर्डवर तेच सगळं जोरात पळतंय. रेकॉर्डिंग करणाऱ्या वॉल्टच्या यंत्रात बिघाड असणार. "इतकी वर्षं लोक चुकीच्या वेगाने ऐकताहेत. आपण ते दुरुस्त करू. रीजिसचा खरा आवाज पहिल्यांदा बाहेर येईल." कुणाची हरवलेली वस्तू परत करताना माणसाला होतो तसा आनंद तिला झाला होता. मी तिच्यापुढे केक ठेवला.

ती चूक नव्हती, एमेट. तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे.

चर्चसमोरचं वॉल्टचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, ती थंडी. रीजिसची छाती तेव्हा धरली होती. आमच्या घरात तेच म्हणायचो. आधी छाती, मग बसलेली सर्दी, मग फ्लू, आणि पेपरात छापून आला तो न्यूमोनिया. तो खोक्यावर बसून गायला. ओळी संपल्या की माइकचा दांडा धरून ठेवायचा. तू न सांगता चाल हळू केलीस, तर स्टॅश उखडला.

"हे काय? मयताला चाललोय का आपण?"

"हळू वाजव म्हणतो ना."

"हळू वाजवायचं तर पोल्का वाजवू. निदान माझी आजी नाचेल."

रीजिस इतका हसला की खोकल्याने पुढचा टेक गेला. शेवटचं गाणं संपता संपता समोरच्या चर्चची दुपारची घंटा झाली. वॉल्ट यंत्र बंद करायला उठला, रीजिसने हात वर केला, राहू दे म्हणून. ती घंटा अजून टेपवर आहे.

मग तू ॲम्प दुरुस्त करायचा म्हणून वॉल्टकडे मागे राहिलास. ॲम्प धडधाकट होता, मीच तो उचलून आणला होता. तुम्ही दोघांनी त्या टेपचा वेग चढवलात. रेकॉर्डवरून जो पोरगा बाहेर आला तो जिने धावत चढणारा होता, तुला पहिल्यांदा भेटला होता तसा.

नमुन्याची तबकडी आली तेव्हा तूच ती आमच्याकडे आणलीस. रीजिसने स्पीकरला कान लावला.

"हा मी?"

"नाही, बिशप."

"दम बघ याचा."

"तुझाच दम. वॉल्टकडे धूळ फार, म्हणून खोकलास. बाकी काही नाही."

"मग मी बरा होतोय म्हणायचं."

"म्हणायचं काय, होतोयस."

आणि मग तुला एकदम गाडीचं टायर बघून यायचं आठवलं.

आता जे सांगते ते तुला ठाऊक नाही.

तू बाहेर गेल्यावर रीजिसने सुई उचलून पुन्हा शेवटच्या घंटेवर ठेवली. तुम्ही सरकारी शाळेतली मुलं, तुम्हाला हे कळायचं नाही. गाण्याच्या तासाला सिस्टर अल्फॉन्सा पेटी वाजवू द्यायच्या नाहीत. दुपारची घंटा झाली की आम्ही सगळे खिडकीशी उभे, आणि तिच्यातून सूर उचलायचा. ज्याला उचलता आला नाही त्याच्या बोटांवर पट्टी. रीजिसला आणि मला तो सूर झोपेतून उठवलं तरी लागायचा. तोंड मिटून त्याने तो लावला. रेकॉर्डमधली घंटा त्याच्या वर होती. त्याने पुन्हा सुई ठेवली, पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याही घशात तोच सूर होता.

"पॉली," तो म्हणाला, "एमेटने देवाची घंटासुद्धा चढवली."

"रागावलास?"

"वेडी आहेस का? माझ्यासाठी एवढी मेहनत करून कुणी खोटं बोललं नव्हतं." मग थोडा वेळ दम खात राहिला. "त्याला सांगू नकोस मला कळलं ते. त्याला वाटू दे मी फसलो."

तू आत आलास तर तो म्हणाला, "लाव रे परत, तो तगडा पोरगा ऐकू दे." तुला तो शब्द आठवत असेल. तू त्याचा वेगळा अर्थ घेतलास.

मी शब्द दिला होता आणि पाळला. आज मोडते आहे, कारण तू स्टॅशला फोनवर जे बोललास ते त्याने मला सांगितलं. ती रेकॉर्ड म्हणजे तू रीजिसला मारलेली थाप आहे, आणि तो तीच खरी मानून गेला, असं म्हणालास. स्टॅशला ओ की ठो कळलं नाही. "याचं डोकं ठिकाणावर आहे ना?" असं मला विचारत होता. आहे, म्हटलं. तो फसला नव्हता, एमेट. शेवटचे महिने, आपण त्याला फसवलं हे समाधान तुला मिळावं म्हणून तो झटत होता. आणि ते त्याला बरं जमत होतं.

आईबद्दलही लिहायला हवं. क्लीव्हलँडच्या इस्पितळात नर्सा जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवून जात होत्या तेव्हा ते आत नेणारा तू होतास. त्याला आंघोळ घालणारा, भरवणारा तू. तरी दफनाच्या दिवशी आई तुला म्हणाली, पुढचे बाक घरच्यांसाठी आहेत. तू मागे पवित्र पाण्याच्या भांड्याजवळ उभा राहिलास, आणि त्यानंतर या गावात आला नाहीस. एड्स हा शब्द आईने शेवटपर्यंत उच्चारला नाही. तोंडावर येईल म्हणून पेपरसुद्धा मोठ्याने वाचायची नाही.

पण तू गेल्यावर तिने ती रेकॉर्ड मागून घेतली. मला वाटलं, जपून ठेवणार. एका दुपारी मी कामावरून लवकर आले तर ती प्लेअरपाशी खुर्ची ओढून बसलेली. "हा मुलगा फार घाईत आहे," म्हणाली. "माझा रीजिस असा नव्हता." आणि फिरत्या तबकडीच्या मधल्या कागदावर तिने बोट ठेवलं. हलकेच, तापलेल्या कपाळावर ठेवावं तसं. रेकॉर्ड जड झाली, आवाज खाली खाली आला, आणि एका जागी तिने बोट स्थिर धरलं. तो आमच्या घरातला, वरच्या खोलीतल्या पलंगावरचा रीजिस होता. शेवटी घंटा आली ती बरोबर आमच्या घंटेच्या सुरात. आईला सुरातलं काही कळत नव्हतं. तरी ती जागा तिला रोज सापडायची. कागदावरचं आपल्या बँडचं नाव तिच्या बोटाखाली झिजून गेलं.

हे सगळं चाललेलं असताना एकदा तिने विचारलं, "तो लांबोडा कुठे असतो आता?"

"ओरेगनला."

"एकटाच?"

"माहीत नाही, आई."

तिने परत सुई ठेवली आणि बोट टेकवलं. तुझी माफी मागितली असं मी तुला सांगणार नाही, कारण तिने मागितली नाही.

इंग्रिडकडून टेप परत आल्यावर मीही ती ऐकली. दोन ओळींच्या मध्ये त्याचा श्वास ऐकू येतो. तो खरा आहे, पण तो शिकागोच्या माणसांना द्यायचा नाही. मी इंग्रिडला कळवलंय की माझी सही एका अटीवर आहे. एमेटने ज्या वेगात ती बाहेर काढली त्याच वेगात निघेल, नाहीतर निघणार नाही. ती हिरमुसली. म्हणाली, "पण मग खरं काय ते लोकांना कळणार कसं?" तिला सांगितलं, हेही खरंच आहे बाई, एका माणसाने दुसऱ्यासाठी केलेलं.

स्कर्ट आत घेतले म्हणाले ते काही मी कमी जेवते म्हणून नाही. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. उन्हाळ्यात कळलं, आता औषधं थांबवली आहेत. सोमवारी एक नर्स येते, गोड मुलगी आहे, ताट आत आणून देते. ख्रिसमसला तुझं कार्ड येईल तेव्हा मी नसेन बहुधा. माझ्यामागे जवळचं म्हणजे टोलीडोचा चुलतभाऊ. रीजिसचा विषय निघाला की तो अजून 'ती भानगड' म्हणतो. त्याच्या हाती काही जाऊ नये म्हणून वकिलाकडे सगळं लिहून ठेवलंय, पण तुला माझ्याकडून कळावं.

गाण्यांमधला रीजिसचा वाटा आणि माझा वाटा तुझ्या नावे केलाय. रेकॉर्ड काढायची की नाही हे आता तू एकट्याने ठरव. 'नको' असेल तर नको. पण त्याला फसवलं म्हणून नको म्हणू नकोस.

मूळ टेप तुलाच. स्टॅश स्वतः घेऊन येईल, टपालाने पाठवू नको असं त्याला बजावलंय. त्याला मोठ्या गाडीतून देश ओलांडायला निमित्त हवंच आहे. वाटेत पोल्का ऐकवेल, सहन कर.

माझा बेस स्टॅशच्या नातीला. वाईट वाजवते आणि मोठ्याने वाजवते, म्हणजे योग्य हाती जातोय.

तळघरातल्या उरलेल्या पाकिटबंद रेकॉर्ड इंग्रिडला.

आईची ती झिजलेली रेकॉर्ड कुणालाच नाही. ती माझ्या शवपेटीत, माझ्या हाताशी ठेवायची आहे.

आणि कालव्हरीतल्या दफनभूमीत रीजिसच्या शेजारची जागा आईने माझ्यासाठी घेतली होती. मी आईच्या पायाशी झोपेन, तशी सोय केली आहे. रीजिसशेजारची जागा तुझ्या नावावर करून घेतली. ऑफिसातल्या मुलाने विचारलं, "हे तुमचे कोण?" अर्जात रकाना होता, तिथे काहीतरी लिहायलाच हवं होतं. मी लिहिलं ते त्याने वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. तेच नातं खाली सहीतही लिहिते. हे तुला फार आधी कुणीतरी म्हणायला हवं होतं.

तुझी मेहुणी,
पॉलेट