हार्शबर्गर लिलावगृह आणि फोनवरचा माणूस

मी, वेंडेल हार्शबर्गर, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा जुन्या व दुर्मिळ मोटारींचा लिलाव, राहणार डीकाल्ब कौंटी, इंडियाना, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपण आणणारे येऊन गेले. त्यांना कॉफी पाजून वाटेला लावले.

कलम १. राहते घर मुलगा क्लेटन यास. अट अशी की गॅरेजची कुलुपे काढू नयेत आणि किल्ली त्याच्या मेव्हण्याच्या हाती देऊ नये. माझा मोठा पाना त्यानेच नेला. सिद्ध करता येत नाही, एवढेच.

कलम २. बँकेतील शिल्लक नातवंडांच्या शिक्षणास. कॉलेजात नाव घातल्याचा दाखला वकिलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा. फोटोवर विसंबू नये.

कलम ३. माझी पत्नी कै. ॲडलीन हिची त्रेसष्ट सालची सोनेरी स्टूडबेकर अवांती मोटार आता माझ्या मालकीची नाही. ती कशी गेली ते इथेच लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी तिखटमीठ लावणार नाही.

आमच्याकडे फोनवरच्या बोली मुलगी नोरीन घेत असे. कानाला फोन, हात वर. तिचे एक गिऱ्हाईक कॅनडातल्या सस्कॅचवानचे. वर्षानुवर्षे बोली लावायचे आणि दर वेळी अगदी शेवटी माघार घ्यायचे. गाडी दुसऱ्यालाच जायची, भाव मात्र चढलेला. एकदा जेवताना क्लेटन म्हणाला, "बाबा, त्या माणसाला कधी कुणी पाहिलंय का? का ताई नुसतीच फोनशी बोलत बसते?"

पाहिले कोणीच नव्हते. नसलेल्या माणसाच्या नावाने भाव फुगवणे ही आमच्या धंद्यात चोरी, आणि ती माझ्याच घरात चालली आहे असे माझ्या मनाने घेतले. नोरीनला विचारले असते तर ती नाही म्हणाली असती. पण चोरही नाहीच म्हणतो. म्हणून सापळा लावला. ॲडलीनची गाडी लिलावात उभी केली, तीही राखीव किमतीविना, म्हणजे शेवटची बोली कितीचीही येवो, गाडी द्यायचीच. माझी कोणतीही वस्तू मी अशी कधी सोडलेली नव्हती. नोरीनचा हात वर गेला, तसा मी दुसऱ्या कोणाकडे न बघता हातोडा आपटला.

"विकली! फोनवरच्या साहेबांना. आता आण बघू त्यांना."

तिने फोन तळहाताने झाकला. "बाबा, आईची गाडी आहे ती!"

"मग सांग की, असा माणूसच नाही म्हणून. गाडी इथेच राहील."

"माणूस आहे, बाबा."

त्याच आठवड्यात माणूस आला. गव्हाचा शेतकरी, मागे ट्रेलर, टोपी हातात. म्हणाला, "इतकी वर्षं हरतोय तुमच्याकडे. बायको म्हणते, अहो, एकदा तरी पुढे जा की! पण ठरवलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही म्हणजे नाही."

नोरीनने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे वळली. "हातोडा तुम्ही माझ्यावर आपटलात, बाबा." ती गेली ती गेलीच. आता फोर्ट वेनला विमा विकते. नाताळला ‘शुगर क्रीम पाय’ हा आमच्याकडचा गोड पदार्थ घेऊन येते, पण अंगातला कोट काढत नाही. मला ते सहन होत नाही.

कलम ४. क्लेटनने ती शंका का काढली? त्याचा डोळा धंद्यावर असावा, असा माझा संशय आहे. पुरावा नाही. म्हणून घर त्याला, धंदा नाही.

कलम ५. हार्शबर्गर लिलावगृह, पटांगण, मंडप, फोन आणि माझ्या वडिलांचा अक्रोडाच्या लाकडाचा हातोडा हे सर्व नोरीनला. वकिलांनी विचारले, "इथे अट काय घालू?" काही नाही. तिने चालवावे, विकावे, हातोडा शेकोटीत घालावा. मी तिला विचारणार नाही. राखीव किमतीविना.

स्थळ : डीकाल्ब कौंटी. दिनांक : ९ ऑक्टोबर २०२३.
सही : वेंडेल हार्शबर्गर

नसलेले साक्षीदार उभे केले असे कोणी म्हणू नये, म्हणून दोघांनाही समोर बसवून सह्या घेतल्या.

साक्षीदार १ : पर्ल स्टंप, शेजारीण. पेन स्वतःचे घेऊन आल्या. का, ते कळले नाही.

साक्षीदार २ : ओरेस्ट ह्नाट्युक, शेतकरी, यॉर्कटन, सस्कॅचवान. सोनेरी अवांती स्वतः चालवत आले. परवाना दोनदा तपासला. माणूस खरा आहे.